दादाच्या आवाजासाठी एक हब

दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, त्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपचं एक पोर्ट मेलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी तेव्हापासून एकत्रच राहिल्या आहेत.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचं गाव चौलच्या पुढे, खाडीच्या अंगाला. दादा पावसात भात लावायचा, एरवी टेम्पो चालवायचा आणि लग्नाच्या दिवसांत हळदीला गायचा. बेंजो पार्टी कुठलीही असो, हळदीला दादाच पाहिजे असं लोक सांगायचे. त्याचा आवाज गोड नव्हता. जाड होता, थोडा फाटका, पण तो लागला की मांडवातल्या बायका हातातलं काम टाकून उठायच्या.

त्या वर्षी गणपतीपासून त्याचा घसा बसला तो सुटेना. आधी वाटलं मांदेलीचा काटा अडकला असेल. मग गुळण्या, काढे, अलिबागचे डॉक्टर असं करत करत आम्ही मुंबईच्या इस्पितळात पोचलो. तिथे कळलं की स्वरयंत्रावर गाठ आहे आणि स्वरयंत्रच काढावं लागेल. डॉक्टर समजावत होते तेव्हा दादा त्यांच्या टेबलावरच्या घशाच्या मॉडेलकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, “मंजे गानं बंद?”

वहिनी म्हणाली, “आधी जीव.”

त्याच इस्पितळात वाचेवर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आम्हाला बसवून सगळं नीट सांगितलं. ऑपरेशननंतर दादा गळ्यात केलेल्या भोकातून श्वास घेईल, तोंडाने बोलता येणार नाही. पण आता एक नवीन सोय निघाली आहे. आत्ताच त्याच्या आवाजात भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली, तर कॉम्प्युटर तो आवाज शिकतो. पुढे दादा फोनवर टाइप करेल आणि फोन त्याच्या आवाजात बोलेल. मराठीत अजून ते फार चांगलं होत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ हवं आणि मध्ये कुठे तुटलेलं नको.

“घरी शांत खोली आहे का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

माझ्याकडे बोट दाखवत वहिनी म्हणाली, “याचा स्टुडिओ हाय ना घरातच.”

स्टुडिओ म्हणजे मागची पडवी. मी मुंबईत एका डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिंगला मदतनीस होतो. तो बंद पडल्यावर गावी आलो आणि पडवीला विटांच्या भिंती घातल्या. आतून काथ्याच्या गाद्या लावल्या, त्यावर जुन्या गोधड्या ठोकल्या. तिथे मी बेंजो पार्ट्यांची गाणी करायचो, जत्रेच्या रिक्षांसाठी घोषणा करायचो, काशीदच्या एखाद्या रिसॉर्टची जाहिरात. दादाचं गाणं मात्र तिथे कधी झालं नव्हतं. मी कितीदा म्हटलं होतं, पण तो म्हणायचा, “समोर मानूस नसल तं कोनाला गाऊ? भितीला?” लोकांच्या फोनवर त्याचे हळदीचे व्हिडिओ होते. त्यांत शिट्ट्या होत्या, फटाके होते, फाटलेला स्पीकर होता, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी दादा होता.

आता पोर्टचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. माझ्या लॅपटॉपला दोनच पोर्ट होती. समुद्राच्या हवेने एक आतून हिरवं पडून गेलं. उरलेल्या एकावर तीन वस्तू चालवायच्या होत्या. पहिली, माईकचा आवाज लॅपटॉपला समजेल असा करून देणारी लाल पेटी, जिला इंटरफेस म्हणतात. दुसरी, रेकॉर्डिंग साठवायची हार्ड डिस्क. तिसरी, एक बोटाएवढं डोंगल, जे लावल्याशिवाय माझं सॉफ्टवेअर उघडतच नाही. तेव्हा हब हवा होता. एका पोर्टची चार पोर्टं करणारी साधी पट्टी. मोबाईलच्या कव्हरांशेजारी लटकत असते तीच.

पहिला हब मी अलिबागहून आणला. दादाला माईकसमोर बसवलं, डोक्याला हेडफोन लावला आणि बाईंनी दिलेली वाक्यं समोर ठेवली. दादा वाचू लागला. “आज आकाश ढगाळ राहील. कृपया दरवाजा बंद करा.” तिथेच थांबला.

“कृपया?” तो म्हणाला. “मी कवा बोललो रं कृपया?”

“तसं बोलायचं न्हाय. निस्ता आवाज पाहिजे.”

“निस्ता आवाज कंदी असतो का?”

तरी तो वाचत राहिला. पहिलं पान संपता संपता लॅपटॉपमधून तो आवाज आला, वस्तू सुटल्यावर येतो तो, दोन सूर, वरून खाली. इंटरफेसचा दिवा गेला. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली. मी पुन्हा जोडलं, पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच दोन सूर. त्या दिवशी असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. डिस्क फिरायला लागली की वीज ती ओढायची आणि इंटरफेसला उरायचीच नाही. लॅपटॉपच्या एका भोकातून येणारी वीज तिघांना पुरत नव्हती. दादाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि गळा चोळत बसला. बोलण्याने त्याला त्रास व्हायचा, आणि तो त्रास फुकट चालला होता.

मी त्याच दुकानात परत गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा. मी सांगितलं की स्वतःचा वेगळा अडॅप्टर असलेला हब दे. त्याने आतून एक काढला आणि म्हणाला, “नेतो म्हणतोस तर ने, पण खरं सांगू का, आपल्या हवेत यातलं काही टिकत नाही. मी स्वतः माझ्या बिलाच्या मशीनला दर पावसाळ्यानंतर नवीन लावतो.”

“मला पावसाळा काढायचा नाही,” मी म्हटलं. “पंधरवडा काढला तरी पुरे.”

तो हसला. कशासाठी हवाय ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

त्या हबने वीज पुरवली, पण सोबत भुंगा आणला. हेडफोनमध्ये बारीक, न थांबणारी घूं. अडॅप्टर दुसऱ्या सॉकेटला लावला, वायर दूर केली, घरातला फ्रिज बंद केला, तेव्हा घूं कमी झाली. आणि मग शेजारच्या वाडीतला पंप सुरू झाला. आमच्याकडे पंप सुरू झाला की दिवे मंदावतात. त्यासरशी हब मेला आणि चालू फाईल अर्धी राहिली. मी वाडीवाल्याकडे जाऊन दुपारचा पंप जरा उशिरा लावा म्हणून सांगून आलो. त्याने लगेच हो म्हटलं, दादाची तब्येतही विचारली. पण वीज त्याच्या एकट्याच्या पंपाने थोडीच हलत होती? त्याच्या पलीकडे दुसरी वाडी होती, त्याच्या पलीकडे तिसरी.

तुम्ही म्हणाल, फोनवर का नाही केलं रेकॉर्ड? केलं. गोधड्यांच्या त्याच खोलीत बसून केलं आणि बाईंना पाठवलं. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “यात त्यांचा घोगरेपणा कुठे गेला?” मी नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं. फोन गोंगाट आपोआप गाळून टाकतो. दादाच्या आवाजातली ती फाटकी, खरखरीत बाजू त्याने गोंगाट समजून पुसून टाकली होती. उरला होता तो कुठल्याही माणसाचा आवाज.

मग एक हब ऑनलाइन मागवला. आमच्या गावात कुरिअर येत नाही, रेवदंड्याला जाऊन घ्यावं लागतं. बॉक्स भारी होता, हबही हातात जड लागत होता, त्यामुळे धीर आला. संध्याकाळपर्यंत तोही इंटरफेस सोडू लागला. रागाने मी त्याचे स्क्रू उघडले. आत नखाएवढं सर्किट होतं आणि त्याच्या शेजारी गोंदाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. वजन यावं म्हणून. मी ती पट्टी दादाला दाखवली. त्याने ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

“चांगलं डोकं लावलंय,” तो म्हणाला. त्याचा आवाज एव्हाना कुजबुजीच्या जवळ आला होता.

त्याच दिवशी त्याने मला सांगितलं की त्याला वाक्यं नको आहेत. “त्या बाईंनी लई चांगल्या मनानं सांगितलंय. पर मला त्यो फोन बोलून काय करायचाय? च्या मागायला बोट दाखवलं तरी भागतं. तू माजं एक गानं घे.”

“वाक्यं झाली की गाणं घेऊ.”

“गानं आधी.”

आम्ही दोघे त्यावरून भांडलो. आवाज चढवून भांडणं त्याला शक्य नव्हतं म्हणून मीही हळू आवाजात भांडलो. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटत होतं गाण्याने पुढे काय होणार, बोलणं पाहिजे, घरात माणूस बोलता पाहिजे. त्याला वाटत होतं की बोलणं सगळ्यांनाच येतं. शेवटी ठरलं की चांगला हब मिळाला की आधी गाणं. ते गाणं त्याने स्वतः रचलेलं होतं. हळद लावताना नवरीच्या भावाच्या मनात काय चाललं असेल, त्यावर. गावोगावी लोक म्हणायचे ते, पण कुणाचं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी ढोलकी आणि बेंजो आधीच वाजवून घेतले होते. हेडफोनवर ते ऐकत त्याला गायचं होतं, म्हणून तर फोनने भागणार नव्हतं.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघे मुंबईला गेलो. सकाळी त्याचे फोटो, रक्त, काय काय होतं. बराच वेळ जाणार असं सिस्टरने सांगितलं. वहिनी म्हणाली, “मी हाय इथं, तू तुजं काम करून ये.” मी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात गेलो.

गल्लीत दुकानांपेक्षा लोक जास्त. प्रत्येक जण हब दाखवायचा, प्रत्येक जण गॅरंटी द्यायचा आणि लॅपटॉप काढून इथेच लावून बघतो म्हटलं की गिऱ्हाईक सोडून द्यायचा. शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात एका म्हाताऱ्या शेठनी बघू दिलं. त्यांनी धातूचा, बिनरंगाचा एक हब काढला. म्हणाले, “भाई, ये लेके जाओ. छापखानेवाले लेते हैं, दिनभर चलता है.” मी त्यांच्या काउंटरवर इंटरफेस मांडला, डिस्क लावली, डोंगल लावलं आणि शेजारच्या पंख्याचा आवाज रेकॉर्ड करत उभा राहिलो. लोक बाजूने ढकलत जात होते. रेघ चालत राहिली. कुठेही तुटली नाही. कित्येक दिवसांनी मला बरं वाटलं. बाहेर येऊन मी उसाचा रससुद्धा प्यायलो.

इस्पितळात परत आलो तर दादा आणि वहिनी बाकावर बसले होते. दादा आपल्या तळहाताकडे बघत होता. वहिनीने पदर तोंडाशी धरला होता. मी विचारलं काय झालं. वहिनी म्हणाली, “डॉक्टरनी लवकर बोलवून घेतलं. गाठ वाढलीय. सोमवारीच भरती व्हायला सांगितलंय.” मग म्हणाली, “सोबत आजून कोन आलंय का, असं विचारत होते.”

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. दादाने वर पाहिलं.

“भेटला का हब?”

“भेटला.”

“मंग बरं झालं,” तो म्हणाला आणि सरकून मला बाकावर जागा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पडवीत बसलो. वाडीवाल्याने न सांगताच पंप बंद ठेवला होता. वहिनीने कोंबड्या मागच्या बाजूला कोंडल्या. दादाने आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, हळदीला जाताना घालायचा तसा. मी हब जोडला. त्याचा हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. लाल पेटीचा लागला, डिस्कचा लागला. मी ढोलकी सुरू केली.

पहिली ओळ त्याने धरली. आवाज कमी होता, पण होता. दुसऱ्या ओळीला वर जायचं असतं. तिथे घशातून नुसता वारा आला. त्याने हात करून थांबवलं, पाणी प्यायला, पुन्हा सुरू करायला सांगितलं. या वेळी तो पहिल्या ओळीतच अडकला आणि खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. रुमालावर लाल आलं, तो त्याने घडी करून खिशात घातला. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ढोलकी हेडफोनमध्ये वाजतच होती. मी पडद्याकडे बघितलं. रेघ न तुटता चालली होती. खोकला, पाणी, खुर्चीचा आवाज, सगळं स्वच्छ येत होतं. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग त्या खोलीत कधी झालं नव्हतं.

“सूर खाली घेऊ का?” मी विचारलं. “लई खाली घेतो.”

“घे.”

खालच्या सुरात ते गाणं त्याचं राहिलं नाही. एक कडवं त्याने कसंबसं पुरं केलं. मग हेडफोन काढला.

“बंद कर.”

“एकदा शेवटचं?”

“न्हाय. झालं आता.”

मी बंद केलं नाही. थोड्या वेळाने वहिनी आत आली आणि झालं का म्हणून विचारू लागली. दादा माईककडे बघत कुजबुजला, “च्या टाक.” मग मला म्हणाला, “हे घे. तुज्या बाईंना दे. च्या टाक. कोंबड्या सोड. टेम्पोची चावी कुटं हाय. पावसाचं काय बोलतंय. जेवलास का.” अशी तो त्याची वाक्यं बोलत राहिला, कुजबुजत, थांबत थांबत. वहिनी आधी हसली, मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याचा श्वास संपला तेव्हा मी बटण दाबलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे नीट झालं. महिनाभर नाकातल्या नळीने जेवण, गळ्यातलं भोक साफ करणं, हे वहिनी शिकली, मीही शिकलो. दादा शिकला नाही. तो आरशात बघायचा नाही.

बाईंनी सगळ्या फाईली घेतल्या. पहिल्या हबवर तुटलेल्या, भुंग्याच्या, आणि त्या शेवटच्या सकाळच्या. त्यांनी आपल्या परीने खूप केलं. एक दिवस त्यांनी दादाच्या फोनवर तो शिकलेला आवाज बसवून दिला आणि घरी बसून वापरून बघा म्हणाल्या. दादा ओसरीवर खाटेवर बसला होता. मी त्याला टाइप करायला सांगितलं. त्याने एका बोटाने टाइप केलं, “जेवलास का.” फोन बोलला.

आवाज घोगरा होता. दादाच्या आजारपणाचा घोगरेपणा बरोब्बर उचलला होता. पण त्यावर बातम्या देणाऱ्याची चाल होती. प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ, शहरातला. मी “न्हाय” टाइप करून पाहिलं. फोन म्हणाला, “न. हाय.”

दादाने पुन्हा फोन घेतला आणि काहीतरी टाइप केलं, पण बोलायचं बटण दाबलं नाही. फोन माझ्याकडे वळवून दाखवला. लिहिलं होतं, “हा कोन?”

वहिनी आतून म्हणाली, “घरात पावना बोलतंय असं वाटतं.” त्यानंतर तो फोन त्याने फार वापरला नाही. काही हवं असलं तर खाटेच्या लाकडी पट्टीवर बोटं वाजवतो. एकदा वाजवलं की पाणी, सारखं वाजवलं की इकडे या. गाण्याची फाईल मी अजून कुणाला ऐकवलेली नाही. त्याने मागितली नाही. हब अजून चालतो, एकदाही सुटला नाही. मी त्यावर जत्रेच्या घोषणा करतो.

गेल्या वैशाखात नात्यातला एक साखरपुडा होता, दुपारचा. दादा येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो गळ्याला रुमाल बांधून तयार होऊन बसला. तिथे त्याला पुढच्या रांगेत खुर्ची दिली, स्पीकरच्या जवळ. लोक येऊन भेटत होते. त्याला बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी का कोण जाणे, प्रत्येक जण त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत होता, ऐकू न येणाऱ्याशी बोलतात तसं. “बराय ना? आराम पडला ना?” तो मान हलवत होता. गायला पेणकडची एक पार्टी आली होती. त्यांच्यातला गाणारा मुलगा चांगला गायचा. त्याने दोन गाणी म्हटली आणि तिसरं दादाचं धरलं, त्या नवरीच्या भावाचं, कुणाचं आहे हे माहीत नसताना. चाल थोडी बदललेली होती. वर जाण्याच्या जागी तो वर न जाता वळसा घालून खाली आला. लोकांना काही फरक पडला नाही. बायका उठल्या, नाचायला लागल्या.

मी दादाकडे बघितलं. तो स्पीकरकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याने माझ्या गुडघ्यावर बोटं वाजवली आणि दाराकडे खूण केली. मी टेम्पो काढला. वहिनीला मागच्या बायकांत कुणीतरी बसवून घेतलं होतं, ती नंतर येते म्हणाली. आम्ही दोघे खाडीच्या रस्त्याने घरी आलो. वाटेत त्याने काही वाजवलं नाही.